हनुवटीवरचे चार केस

म्हसळ्याच्या बाजारपेठेतल्या पार्लरमध्ये दुपारी, गर्दी नसते अशा वेळी, एक मुलगी येते. भुवया करायच्या आहेत म्हणते. खुर्चीत बसते, भुवया होतात, वरच्या ओठावरची लव निघते. मग दाराच्या पडद्याकडे एकदा बघून ती हळूच म्हणते, "ताई, जरा खाली पण." खाली म्हणजे हनुवटी. दोरा चालवणाऱ्या ताईला ते लगेच कळते, कारण असे सांगणारी ही पहिली नसते. ताई काही विचारत नाही, मुलगीही काही बोलत नाही. दोन मिनिटांत काम होते. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येते, पुन्हा दुपारचीच.

ही कुणा एकीची गोष्ट नाही. श्रीवर्धनला, तळ्याला, माणगावला, जिथे दोरा आणि आरसा आहे तिथे हे रोज घडते. हनुवटी हा साधा शब्द आहे. तो उच्चारायला एखाद्या मुलीची जीभ अडखळत असेल, तर ती लाज तिच्या मनात कुणीतरी पेरलेली आहे. ती कुणी पेरली आणि तिने काय नुकसान केले, हे मला आज लिहायचे आहे. केस काढण्याचे उपाय काय, हेही सांगणार आहे, कारण नुसता धीर देऊन मुलीचा प्रश्न सुटत नाही.

आधी शरीराचे बघू. चेहऱ्यावर केसांची जी मुळे जन्मतःच असतात, तितकीच आयुष्यभर राहतात, आणि त्यांची संख्या बाईत आणि पुरुषात जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो अँड्रोजेन या संप्रेरकांनी. ती प्रत्येक बाईच्या शरीरात असतात, पुरुषापेक्षा कमी असतात इतकेच. वयात येताना त्यांचे प्रमाण वाढले, किंवा प्रमाण नेहमीचेच असून केसांची मुळे त्यांना जास्त दाद देणारी असली, की हनुवटीवरची, गालाच्या कडेची मऊ लव जाड, काळ्या केसात बदलते. प्रजननक्षम वयातल्या शंभर बायकांमध्ये पाच ते दहा जणींना असे केस येतात. म्हणजे म्हसळ्याहून निघालेल्या भरल्या एसटीत अशा दोनतीन बायका सहज असतील. त्यांतली प्रत्येक जण समजते, की हे फक्त माझ्याच नशिबी आले.

आता लाजेचे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. त्या यादीत रोगी मुलगी आहे, फार बोलणारी आहे, आणि अंगावर फार केस असलेलीही आहे. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळला गेला. महाड आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. म्हसळ्याहून माणगावला उतरून मुंबई-गोवा रस्ता धरला की दोन-अडीच तासांत माणूस तिथे पोहोचतो. त्या परिषदेला बायकाही आल्या होत्या. जो ग्रंथ आपल्या जिल्ह्यात जाहीरपणे जळला, त्याची यादी मात्र आपल्या घरांतल्या बघण्याच्या कार्यक्रमात अजून वापरात आहे. पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे मुलाची आत्या खिडकीच्या उजेडात बघते. परत जाताना गाडीत म्हणते, "मुलगी चांगली आहे, पण तोंडावर केस आहेत हो." मनुस्मृती वाचलेली नसते, तिचे नावही त्या घरात कुणी घेत नसेल. यादी तोंडपाठ असते. आणि ही सवय एका धर्माची किंवा जातीची नाही. कुणब्यांच्या, कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या, कोकणी मुसलमानांच्या, साऱ्यांच्याच घरी मुलगी पाहताना नजर हनुवटीवर थांबते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत ६०० पैकी ५९१ गुण मिळवून एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचा फोटो प्रसिद्ध झाला आणि हजारो अनोळखी माणसे तिच्या वरच्या ओठावर तुटून पडली. एकदोन गुण कमी मिळाले असते तर बरे झाले असते, निदान चेहऱ्यावरून कुणी छळले नसते, अशा अर्थाचे ती मुलगी पुढे बोलली. शिकलेल्या समाजाने दहावीतल्या एका मुलीला यशाचा पश्चात्ताप करायला लावला. हे वाचून ज्याला राग येत नाही त्याने आपल्या घरातल्या मुलीकडे नीट बघावे. ती फोटो काढताना हात हनुवटीवर का धरते, ते त्याला कळेल.

बाईच्या केसांवर समाजाने हक्क सांगण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. विधवेच्या डोक्यावरचे केस समाजाला नको होते, म्हणून तिला न्हाव्यासमोर बसवत. तिची इच्छा कुणी विचारत नसे. १८९० च्या सुमारास मुंबईत जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजातली माणसे एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. मला सुधारणेच्या इतिहासातली ही घटना फार मोठी वाटते. जोतीराव फुल्यांचा विचार व्याख्यानातून निघून कारागिराच्या हातात आला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. रोजची कमाई बुडेल हे त्यांना ठाऊक होते. लेखाच्या शेवटी मी या हातांकडे पुन्हा येणार आहे.

आजची जबरदस्ती निराळी आहे. डोक्यावरचे केस लांब हवेत, हनुवटीवरचा एकही नको; आणि तो काढतानाही कुणाला दिसता कामा नये. हे शेवटचे कलमच सर्वांत घातक आहे. लपवायचे म्हटले की माणूस जाणकाराकडे जात नाही, जिथे प्रश्न विचारले जात नाहीत तिथे जातो. म्हणून मुलगी मेडिकलच्या दुकानात जाते आणि मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब मागते. चेहरा उजळेल, लव कमी दिसेल, अशा आशेने ती रोज रात्री लावते. अशा कितीतरी ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असतात. पहिले दोन आठवडे चेहरा खरेच तजेलदार दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात आणि केस वाढतात. होय, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत राहिल्याने केस वाढतात. ज्या केसांच्या भीतीने ट्यूब आणली, ती ट्यूबच केस उगवत असते, आणि घाबरून मुलगी आणखी लावते. ती बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून सोडताही येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही गावोगाव ती नुसत्या नावावर मिळतात. औषध विकणाऱ्या माझ्या भावांना मी हात जोडून सांगते, तो गल्ल्यात पडणारा शंभराचा फायदा एका मुलीच्या तोंडाची कातडी घेऊन येतो.

आखातातून येणाऱ्या बॅगेतल्या क्रीमचेही तेच. आपल्या तालुक्यातली कितीतरी माणसे तिकडे कामाला आहेत, आणि येताना बहिणीसाठी, बायकोसाठी प्रेमाने डबी आणतात. डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, घटक काही नसेल, तर ती प्रेमाची वस्तू असली तरी चेहऱ्याला लावू नये. अशा बेनामी क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे महाराष्ट्रात अकोल्यालाही झाली आहेत.

मग काढायचे कसे? एकेक सांगते.

वस्तऱ्याची भीती आधी सोडावी. "एकदा ब्लेड लावलेस की पुरुषासारखी दाढी येईल" हे वाक्य आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आले आहे, आणि ते साफ चूक आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी १९२८ सालीच तपासून दाखवले, की दाढी केल्याने केस जाडही होत नाही आणि लवकरही वाढत नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो. मुळाला त्याची खबरही नसते. केसाचे टोक बोथट कापले जाते म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, एवढेच. चेहऱ्यासाठीचे स्वच्छ, स्वतःचे ब्लेड ही सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी रीत आहे. तिला दोष फक्त एक, दोनतीन दिवसांनी पुन्हा करावी लागते.

बाळंतिणीच्या घरी तान्ह्या मुलीला डाळीच्या पिठाने, हळदीने, सायीने चोळतात, लव जावी म्हणून. त्याने मूळ मरत नाही. कोवळी कातडी मात्र सोलते. मोठ्या मुलींनी तुरटी आणि पीठ घासून चेहऱ्यावर काळे डाग पाडून घेतलेले मी पाहिले आहेत.

दोरा आणि वॅक्स केस मुळातून उपटतात, म्हणून दोन ते चार आठवडे चेहरा साफ राहतो. तेवढ्यात काम भागत असेल तर वाईट काही नाही. पण ओढाताणीने मुळाशी पुळ्या येतात, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्यांचे डाग महिनोन्महिने राहतात. दोरा प्रत्येकीला नवा हवा, आणि तो तोंडात धरण्याऐवजी मानेला अडकवावा. अस्वच्छ दोऱ्याने चामखिळी एकीकडून दुसरीकडे गेल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. केस विरघळवणारी क्रीम वापरायची तर चेहऱ्यासाठी म्हणून विकली जाणारीच, आणि आधी कोपराच्या आत थोडी लावून एक दिवस थांबून. ब्लीचने केस जात नाही, फक्त रंग उतरतो.

लेझरविषयी फार गैरसमज आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर सांगते. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो, त्याची उष्णता होते आणि मूळ जळते. म्हणून पांढऱ्या केसावर त्याचा उपयोग नाही. कातडीतही तोच रंग असतो, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चुकीचे यंत्र किंवा चुकीची मात्रा वापरली की भाजून डाग पडतो. सावळ्या कातडीला लांब लहरीचा, १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित समजतात. सगळे केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, त्यामुळे महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा ते आठ वेळा जावे लागते. जाण्यापूर्वी चार आठवडे दोरा, वॅक्स बंद ठेवायचे, कारण मूळच उपटलेले असेल तर प्रकाशाला धरायला काही उरत नाही. मधल्या काळात वस्तरा चालतो. आणि "कायमचे केस घालवतो" अशी पाटी लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लेझरने केस बरेच कमी होतात, बारीक होतात. आतला संप्रेरकांचा बिघाड तसाच असेल तर नवे येत राहतात, क्वचित शेजारच्या जागेत वाढतातही. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडण्याची इलेक्ट्रोलिसिसची रीत १८७५ पासून आहे. ती पांढऱ्या केसालाही चालते आणि ते मूळ कायमचे मारते. वेळ मात्र फार घेते. दोन्ही गोष्टी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच कराव्यात. म्हसळ्याच्या मुलीला त्यासाठी बहुतेक वेळा पनवेल-मुंबईची वाट धरावी लागते. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, सहा-आठ फेऱ्या हे सगळे धरून हिशेब करावा. सावकाराकडून किंवा बचतगटातून कर्ज काढून हे करण्याइतकी ही निकडीची गोष्ट नाही.

निकडीचे आहे ते वेगळेच, आणि लपवाछपवीत तेच मागे पडते. हनुवटीवर जाड केस, पाळी दोनदोन तीनतीन महिने पुढे जाणे, मुरुमे, पोटावर वाढणारे वजन, मानेमागे काळवंडलेली मखमली कातडी: हे एकत्र दिसले तर बहुधा पीसीओडी हा संप्रेरकांच्या बिघाडाचा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा बायकांना तो असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसते. दुर्लक्ष केले तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, आणि पाळी वर्षानुवर्षे न आल्याने गर्भाशयाचे अस्तर बिघडते. ज्या केसांना ती मुलगी पंधरा दिवसांनी उपटून टाकते, ते तिला शरीराने पाठवलेले पत्र असते. आपण ते वाचू देत नाही.

उपचार आहेत, आणि साधे आहेत. वजन जास्त असेल तर पाचदहा टक्के कमी झाल्यानेही कित्येकींची पाळी मार्गी लागते. डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात, काहींना अँड्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या देतात. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने धीर धरावा लागतो, कारण उगवलेला केस आपले आयुष्य पुरे करूनच जातो. इथे मात्र आया अडतात. गोळीच्या पाकिटावर गर्भनिरोधक लिहिलेले बघून म्हणतात, "लग्नाआधी असल्या गोळ्या? लोक काय म्हणतील?" आईने समजून घ्यावे, की ते औषध आहे आणि पाकिटावरचे नाव त्याच्या अनेक उपयोगांपैकी एकाचे आहे. दुसऱ्या बाजूने डॉक्टरांनाही सांगायचे आहे, की पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील तर निव्वळ सोनोग्राफीवरून मुलीच्या कपाळी पीसीओडीचा शिक्का मारू नये. कोवळ्या वयात बीजांडे तशीच दिसतात. "हिला मूल होणार नाही" हे तर कुणीच म्हणू नये. या आजारातल्या बहुतेक बायकांना, लागले तर उपचाराने, मुले होतात.

आणि थोड्याच महिन्यांत केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरून टक्कल पडू लागले, तर एक दिवसही थांबू नये. क्वचित बीजांडाची किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ याला कारण असते, आणि ती लवकर सापडणे महत्त्वाचे. पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, हनुवटीवर येणारे दोनचार केस मात्र वयाचे असतात. त्यांची चिंता नको.

आमच्या मुस्लिम भगिनींना एक शंका हमखास असते, की केस काढणे धर्माला चालते का. भुवया कोरण्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण बाईला दाढीमिशी आली तर ती काढण्यात गैर नाही, उलट काढणे चांगले, असे इमाम नववींसारख्या थोर विद्वानाने सांगून ठेवले आहे. जिच्या मनात ही अडचण असेल तिने निश्चिंत व्हावे.

तसेच, जिला काढायचे नसतील तिने का काढावेत? इंग्लंडमधल्या हरनाम कौर यांना पीसीओडी आहे. वर्षानुवर्षे चिडवणूक सोसल्यावर त्यांनी दाढी ठेवण्याचे ठरवले आणि जगासमोर ताठ उभ्या राहिल्या. प्रत्येकीने तसे करावे असे मी म्हणणार नाही. म्हसळ्याच्या मुलीला म्हसळ्यात राहायचे आहे, तिथल्या नजरा सोसायच्या आहेत. तिने दोरा फिरवला म्हणून ती दुबळी ठरत नाही, आणि नाही फिरवला म्हणून गबाळी ठरत नाही. निर्णय तिचा असावा, आणि पुरी माहिती हातात असताना घेतलेला असावा.

माहिती देण्याचे काम कुणी करायचे? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवले. पदरचे पैसे घातले, खटले सोसले, आणि शरीराविषयी लोक जे विचारायला लाजत ते उघड, शास्त्राला धरून छापले. ते मासिक सुरू झाले त्याच वर्षी महाडला मनुस्मृतीची ती होळी पेटली. शंभर वर्षे होत आली. एवढ्या काळात आपल्या शाळेत वयात येणाऱ्या मुलींना पाळीवर एक तास, तोही घाईघाईने, मिळू लागला आहे. चेहऱ्यावरच्या केसांबद्दल अजून कुणी बोलत नाही. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीला येतात. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी आठवी ते बारावीच्या मुलींना डॉक्टर बाईंशी एकेकटे पाच मिनिटे बोलायला खोली द्यावी. याला पैसा लागत नाही. वर्गात एखादीला "मिशीवाली" म्हणणाऱ्या मुलालाही त्याच दिवशी समोर बसवून शरीर समजावून सांगावे. छडीने तो गप्प बसेल, पण पुढे जाऊन आपल्या बायकोलाही तेच म्हणेल.

मुलाच्या आयांना सांगते: मुलगी पाहायला जाल तेव्हा उजेडात तिच्या हनुवटीकडे बघू नका. तुमच्याच घरात तुमची मुलगी आतल्या खोलीत आरशासमोर चिमटा घेऊन उभी असेल.

आणि पार्लर चालवणाऱ्या तायांनो, तुम्हाला माझे सर्वांत जास्त मागणे आहे. १८९० च्या त्या न्हाव्यांच्या हातात वस्तरा होता, तुमच्या हातात दोरा आहे. तो खाली ठेवा असे मी म्हणत नाही, ते तुमचे पोट आहे आणि तुम्ही मुलींच्या गरजेचे काम करता. पण मुलगी जे आईला सांगत नाही, डॉक्टरला सांगत नाही, ते तुम्ही सर्वांच्या आधी बघता. म्हणून ती "जरा खाली पण" म्हणाली की दोरा फिरवता फिरवता एवढे विचारा: "पाळी महिन्याच्या महिन्याला येते ना गं?" नाही म्हणाली तर तिला म्हसळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायला सांगा. तिथे काम झाले नाही तर घोणसे घाट ओलांडून माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात. एकटी जायला घाबरत असेल, तर एखाद्या दुपारी दुकानाचे दार तासभर लावून तिच्याबरोबर जा.